सोळा महिन्यांची रजा

आधीच सांगून ठेवते, मला तोंड आवरत नाही. लाँड्रीत मला 'तोफ' म्हणतात, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणतात. तेव्हा मधेच मी कुणाला शिव्या घातल्या तर ऐकून घ्या. बहुतेक त्या मलाच असतील.

गोष्ट माझ्या जोडीदारणीची आहे. जोडीदारीण म्हणजे कामातली. आमची लाँड्री हॉस्पिटलांची. चार हॉस्पिटलांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले, सगळं आमच्याकडे येतं. मळकं एका दाराने आत, धुतलेलं दुसऱ्या दाराने बाहेर. मधल्या हॉलमध्ये वाफ अशी की चष्मा असेल तर तो खिशात ठेवायचा, नाहीतर भिंतीला धडकायचं. तिथे एक भला मोठा तापलेला रोलर आहे. ओलसर चादर दोघींनी दोन टोकांना ताणून त्याच्यात सरकवायची, दुसऱ्या बाजूने कडक होऊन आली की दोघींनी ओढून घडी घालायची. एकटीचं ते काम नाही. एकोणीस वर्षं चादरीचं एक टोक माझ्या हातात आणि दुसरं तिच्या.

तिला सगळे 'इंजिन' म्हणायचे. काम करताना दातांतून स्स् स्स् असा आवाज काढायची आणि एकदा सुरू झाली की जेवणाच्या घंटेशिवाय थांबायची नाही. उंचीने माझ्या खांद्याएवढी, हात काडीसारखे, पण चादर झटकली की आख्खा हॉल दचकायचा. माझ्या बाजूचा कोपरा बोटभर मागे राहिला तरी तिला खपायचं नाही. "अगं तोफे," म्हणायची, "माणूस मरायला टेकलाय बिचारा, निदान चादर तरी सरळ दे त्याला!" कोणत्या चादरीवर काय झालंय ते आम्हाला डागांवरून कळतं. त्यावर आम्ही थट्टा करतो. नाही केली तर दुसऱ्या दिवशी कामावर यायचं धाडस होणार नाही.

तिच्या पदरात एक भाऊ होता. तिच्याहून सहा वर्षांनी लहान, अंगाने दरवाजाएवढा, आणि डोक्याने जेमतेम पाच-सहा वर्षांचा. जन्मापासूनच तसा. आम्ही सगळे त्याला भाऊच म्हणायचो. इंजिन चोवीस वर्षांची असताना त्यांची आई बाजारातून येता येता रस्त्यात पडली आणि तिथेच संपली. वडील त्याच्या कितीतरी आधी घर सोडून गेलेले. मी एकदा विचारलं, "आईने जाताना सांगितलं असेल ना, भाऊला सांभाळ म्हणून?" तर म्हणाली, "कुठलं गं! सांगितलं असतं तर निदान नाही म्हणायची सोय झाली असती."

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. सकाळी उठून भाऊचं तोंड धुवायचं, शर्टाची बटणं लावायची, त्याला खाली सायकलवाल्याकडे बसवायचं आणि बस पकडायची. भाऊ दिवसभर चाकांत हवा भरायचा. त्याला ते काम फार आवडायचं. गिऱ्हाइकाने पुरे म्हटलं तरी थांबायचा नाही, दोन-चार टायर फुटलेसुद्धा. ते पैसे इंजिन मुकाट्याने भरायची. एक बस कंडक्टर तिच्या मागे होता, चांगला सभ्य माणूस. वर्षभर तिच्या तिकिटाचे पैसे घेतले नाहीत त्याने. मग एक दिवस म्हणाला, लग्न करू, भाऊला कुठेतरी ठेवू. ती म्हणाली, "तुलाच कुठेतरी ठेवते मी," आणि पुढच्या स्टॉपवर उतरली. दुसऱ्या दिवसापासून एक बस आधीची पकडायला लागली. हे ती हसत हसत सांगायची. मीही हसायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं, आता कळत नाही.

दहा वर्षांपूर्वी आमच्या कॅन्टीनमध्ये निवृत्ती फंडाचा एक माणूस आला. दर पगाराला आमच्या म्हातारपणासाठी मालक जे पैसे बाजूला टाकतो ना, तो हा फंड. माणूस टाय लावून आलेला, वाफेत त्याचा टाय पाच मिनिटांत लुळा पडला. त्याने सांगितलं की याच पैशांतून थोडेसे कापून तुमच्या प्रत्येकीचा आयुर्विमा चालू आहे. आम्ही एकमेकींकडे बघायला लागलो. कुणी सही केली नव्हती, कुणी आम्हाला विचारलं नव्हतं. पोट सुटतं तसं ते आपोआप झालेलं. बाकीच्यांना घरी जायची घाई. इंजिनने हात वर केला.

"मी मेले तर किती मिळतील?"

त्याने कागद बघून आकडा सांगितला. तिने तो परत सांगायला लावला. बाहेर आल्यावर माझा दंड धरून म्हणाली, "तोफे, ऐकलंस का? जिवंतपणी कुणी कुत्रं विचारत नाही, आणि मेल्यावर बघ माझा भाव!"

त्या दिवसापासून ती बदलली. म्हणजे होती तशीच, पण तिच्या डोक्यावरचं काहीतरी उतरलं. भाऊसारख्या माणसांसाठी दोन बहिणी एक घर चालवायच्या, शहराबाहेर, बसने तासाभरावर. सहाच माणसं ठेवायच्या. मागे भाज्यांचे वाफे, कोंबड्या, प्रत्येकाला स्वतःची खाट आणि कपाट. एकदाच मोठी रक्कम भरायची आणि मग ते माणूस जन्मभर त्यांचं. इंजिन दर वर्षी भाऊला घेऊन तिथे जाऊन यायची. विम्याच्या पैशांत ती रक्कम बसत होती, वर थोडे उरतही होते. थोरली बहीण म्हणाली होती, "तुमच्या भावाची जागा आमच्याकडे आहे असं समजा." समजा! त्या एका शब्दावर ही बाई दहा वर्षं गाढ झोपली.

मग खोकला आला. आम्हाला सगळ्यांनाच खोकला असतो, सोडा पावडर नाकातोंडात जाते. तिचा गेला नाही. तपासण्या झाल्या आणि फुप्फुसात गाठ निघाली. ऑपरेशन, मग औषधं, मग दुसरी औषधं. डॉक्टर म्हणाले वर्ष-दोन वर्षं नीट जातील, पुढचं पुढे बघू.

आता आमच्या लाँड्रीची एक रीत सांगते. आजारी माणसाला आम्ही कामावर येऊ देत नाही. फार वर्षांपूर्वी एक बाई तापात कामाला आली, तिला घेरी आली आणि तिचा हात रोलरमध्ये गेला. कोपरापर्यंत. तेव्हापासून जुन्या बायकांनी ठरवून टाकलं. ज्याला दुखणं आलं त्याने बिनपगारी रजा टाकायची, त्याचं काम बाकीच्यांनी वाटून घ्यायचं, आणि पगाराच्या दिवशी सोडा पावडरचा रिकामा डबा सगळीकडून फिरवायचा. ज्याने त्याने जमेल ते टाकायचं. कुणी किती टाकलं ते बघायचं नाही. डबा तसाच बंद करून आजाऱ्याच्या घरी पोचवायचा. ही भीक नाही. आज तुझ्यासाठी फिरला, उद्या माझ्यासाठी फिरेल. या डब्याचा आम्हाला केवढा अभिमान! दुसऱ्या कुठल्या कारखान्यात आहे का असं, आम्ही विचारायचो.

इंजिनची रजा टाकायला मी तिच्याबरोबर मॅनेजरकडे गेले. मॅनेजर वयाने आमच्याहून लहान, खाली मान घालून बोलणारा. म्हणाला, "बाई, बिनपगारी कशाला? आठवड्यातून एक दिवस या. खुर्चीवर बसून अभ्रे मोजा. झेपेल तेवढंच करा. हजेरी चालू राहील."

इंजिनने माझ्याकडे बघितलं. "जमेल गं मला तेवढं," म्हणाली.

आणि माझा भडका उडाला. मी म्हटलं, "लाज वाटते का हो साहेब? या बाईचं अर्धं फुप्फुस काढलंय आणि तुम्ही तिला अभ्रे मोजायला बसवता? एकोणीस वर्षं घासून घेतलीत, पुरली नाहीत? आम्ही मेलोय काय तिला पोसायला?" आवाज बाहेरपर्यंत गेला. दाराशी दहा-बाराजणी जमल्या, बॉयलरवालाही आला. सगळ्यांनी माझीच री ओढली. मॅनेजर बिचारा लालेलाल झाला. त्याने रजेच्या अर्जावर सही केली. इंजिन म्हणाली, "अगं, एक दिवस तर..." मी म्हटलं, "तू गप्प बस." ती गप्प बसली. आयुष्यात ती कुणाचं ऐकून गप्प बसली असेल तर त्या एका दिवशी, आणि माझं ऐकून.

डबा फिरत राहिला. सोळा महिने एकही पगार चुकला नाही. मी स्वतः घेऊन जायचे, तिला लाँड्रीतल्या सगळ्या भानगडी सांगायचे, भाऊचे केस कापून द्यायचे. तिची पत्रंही मीच वाचायचे. लिफाफ्याची तिला धास्ती. हॉस्पिटलचंच काहीतरी वाईट असणार म्हणून ती हात लावायची नाही, माझ्यासाठी रेडिओखाली ठेवून द्यायची. मी फोडायचे आणि कामाचं तेवढं सांगायचे.

फंडाची तीन पत्रं आली. पहिल्यावर लिहिलेलं, आपल्या खात्यात बऱ्याच महिन्यांत रक्कम जमा झालेली नाही. मी म्हटलं, "यांना आता जाग आली! बाई अंथरुणाला खिळलीय, रक्कम काय झाडावरून पडणार?" इंजिन हसली, हसता हसता खोकायला लागली. मी पत्राची घडी केली आणि परत रेडिओखाली सरकवलं. दुसरं आलं, तेही तसंच. तिसऱ्याचा तर मी फक्त वरचा मजकूर बघितला. प्रत्येक पत्राला दोन पानं होती. मी दुसरं पान उलटलं नाही. एकदाही नाही.

मग एक दिवस डॉक्टरांनी औषधं थांबवली. आता उपयोग नाही म्हणाले, थोडे महिने समजा. मी रडायच्या बेतात, आणि ही विचारते, "डॉक्टर, तसं लिहून द्याल का?" डॉक्टर म्हणाले, देतो की, आणि हेही म्हणाले की अशा आजारात फंड विम्याचे पैसे आधीच देऊन टाकतो, दोन डॉक्टरांनी लिहून दिलं की झालं, मरेपर्यंत थांबायला लागत नाही.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर ती माझा हात धरून उभी राहिली. तिचे डोळे असे चमकत होते की येणारे-जाणारे बघायला लागले. "तोफे, म्हणजे भाऊला मीच सोडून येईन गं! मी स्वतः! त्याचे कपडे मी लावीन त्या कपाटात. दोन-चार वेळा जाऊन त्याला बघून येईन. मग मी मेले तर मेले!" इतकी आनंदात मी तिला एकोणीस वर्षांत पाहिली नव्हती. बसमध्ये ती पूर्ण वाटभर बोलत होती. भाऊला काय आवडतं, काय आवडत नाही, त्या बहिणींना काय काय सांगायचं, सगळं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी आम्ही तिच्या खोलीतून फंडाला फोन लावला. ती उशीला टेकून बसलेली, भाऊ जमिनीवर सायकलचा पंप खोलून बसलेला. फोन मी मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे एक मुलगी होती, आवाज मधासारखा गोड. खाते क्रमांक विचारला, जन्मतारीख विचारली. मग म्हणाली, "मॅडम, या खात्यावरचा विमा सतरा दिवसांपूर्वी बंद झालाय."

मी म्हटलं, "बंद म्हणजे?"

"सलग सोळा महिने खात्यात काहीच जमा झालं नाही, तर विमा आपोआप बंद होतो, मॅडम. नियम आहे तसा. हप्त्यांनी तुमची शिल्लक संपू नये म्हणून. विमा चालू ठेवायचा असेल तर पत्रावर सही करून पाठवायची होती. आम्ही तीन पत्रं पाठवली होती."

"अहो पण ती आजारी आहे! सोळा महिने आजारी आहे म्हणूनच जमा झालं नाही ना! डॉक्टरांनी कालच तसं लिहून दिलंय!" मी ओरडले. "विमा आजारी माणसासाठीच असतो ना? का धडधाकट माणसासाठी असतो?"

"सॉरी, मॅडम. डॉक्टरांचा दाखला कालचा आहे म्हणता ना. विमा चालू असताना तसं लिहून दिलेलं असतं, तर धरलं असतं."

भाऊने मान वर करून आमच्याकडे बघितलं. इंजिन फोनकडे थोडी वाकून अगदी साधेपणाने म्हणाली, "बाई, एक विचारू? मधे एखादा दिवस कामावर गेले असते, तर?"

"एक जरी दिवसाचा पगार जमा झाला असता ना मॅडम, तरी चाललं असतं."

आठवड्यातून एक दिवस. खुर्चीवर बसून. अभ्रे.

"आणि आता उद्या कामावर गेले तर?" इंजिनने विचारलं.

"परत कामाला लागलात आणि पूर्ण काम करायला फिट असाल, तर नवीन अर्ज करता येतो."

फोन ठेवल्यावर मी रेडिओखालची पत्रं ओढून काढली. दुसऱ्या पानावर मोठ्या ठळक अक्षरांत सगळं लिहिलेलं. खाली एक चौकोन: मला माझा विमा चालू ठेवायचा आहे. सही. तारीख. बस, एवढंच. तिन्ही पत्रांवर तोच चौकोन, तिन्ही कोरे. मी तिच्या पायांशी बसले आणि म्हटलं, "मी पान उलटलं नाही गं." ती म्हणाली, "तू वाचत तरी होतीस. मला तर तेवढंही झालं नाही." त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

सोमवारी ती कामावर आली. सायकलवाल्याने तिला रिक्षात घालून आणली. हॉलमध्ये शिरली तेव्हा मशीन सोडून सगळं थांबलं. मॅनेजर स्वतः खुर्ची घेऊन आला, तिच्या बाजूला अभ्र्यांची ट्रॉली लावली. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. ती मोजायला लागली. पन्नासचे गठ्ठे करायचे आणि दोरी बांधायची. तीन दिवस ती आली. दिवसाला सहा-सात गठ्ठे व्हायचे. मॅनेजरने तिची तीन दिवसांची पूर्ण हजेरी लावली, पगार काढला, फंडात पैसे भरले. पोरगा मनाने चांगला होता. पहिल्या दिवशीही चांगलाच होता.

चौथ्या दिवशी फंडाचा अर्ज आला. जेवणाच्या सुट्टीत मी पेन घेऊन तिच्या शेजारी बसले. नाव, गाव, जन्म झालं. मग आला तो प्रश्न: आपण आपलं नेहमीचं संपूर्ण काम, संपूर्ण वेळ, आजाराच्या अडचणीविना करू शकता काय?

मी म्हटलं, "हो लिहिते. बघतंय कोण? गेलं खड्ड्यात! आधी पैसे तर येऊ देत."

"थांब," ती म्हणाली. "माझं नेहमीचं काम अभ्रे नाही. चादर आहे."

आणि उठली. मी आडवी आले, बॉयलरवाला आला, कुणालाच जुमानलं नाही. रोलरपाशी जाऊन तिने ट्रॉलीतून एक चादर उचलली आणि दुसरं टोक माझ्याकडे फेकलं. "धर." मी धरलं. काय करणार? पहिली घडी झाली. दुसरी झाली. तिचा श्वास शिट्टी वाजल्यासारखा वाजत होता. जेवणाचे डबे उघडे टाकून सगळ्या बायका भिंतीला लागून उभ्या राहिल्या. पाचव्या चादरीला तिने झटका मारला, पण आवाज आला नाही. मी माझ्या बाजूने जोर लावून सावरायला बघत होते. ते तिला कळलं. "ओढू नकोस," म्हणाली. "मला बघू दे." सातवी चादर तिच्या हातांतून सुटली आणि जमिनीवर पडली. इंजिन त्या चादरीकडे बघत राहिली. मग रोलरच्या कठड्याला धरून हळूहळू खुर्चीत येऊन बसली. तिचे ओठ निळे पडले होते.

"नाही असं लिही," म्हणाली.

मी म्हटलं, "इंजिन, भाऊचा तरी विचार कर!"

"त्याचाच करतेय. खोटं लिहिलं आणि त्यांनी पैसे दिले नाहीत, तर भाऊची सोय झाली असं समजून मी मरेन. मला नाही असं मरायचं. आत्ता कळू दे, म्हणजे जे दिवस आहेत त्यांत दुसरं काही बघता येईल."

मी 'नाही' लिहिलं. माझं अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की मॅनेजरने नंतर विचारलं, हे कुणी लिहिलंय. त्याने अर्जाला जोडून एक लांबलचक पत्रही लिहिलं. त्यात आमच्या डब्याची रीत लिहिली, रजेचं कारण लिहिलं, आणि कामावर बोलावलं होतं पण सहकाऱ्यांनी प्रेमापोटी येऊ दिलं नाही, हेही लिहिलं. प्रेमापोटी. छान शब्द आहे.

दुसरं काही बघायला तिला सव्वीस दिवस मिळाले. थोरल्या बहिणीला तिने घरी बोलावलं. ती आली, भाऊच्या पाठीवरून हात फिरवला, रडली. पण त्यांच्याकडे सहा खाटा, त्यांना छप्पर, खाणं, औषध सगळं त्या रकमेवरच चालवायचं. दोन महिने जागा धरून ठेवते, म्हणाली. आम्ही डबा फिरवला, एकदा नाही, चार वेळा. दुसऱ्या लाँड्रीत, हॉस्पिटलच्या दारातही फिरवला. एकीने हातातली अंगठी काढून टाकली. तिची फंडातली तुटपुंजी शिल्लक धरूनही चौथा हिस्सासुद्धा जमला नाही.

इंजिन एका सकाळी गेली. भाऊच्या शर्टाची बटणं लावता लावता. वरची दोन लावायची राहिली होती. तो तासभर तसाच समोर उभा होता, ती उठून लावील म्हणून. सायकलवाल्याने वर येऊन बघितलं तेव्हा कळलं.

फंडाचं उत्तर त्यानंतर दोन आठवड्यांनी आलं. आपल्या परिस्थितीबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, परंतु. या वेळी मी दोन्ही पानं वाचली. दुसऱ्या पानावर फक्त त्यांचा पत्ता होता.

भाऊला मी माझ्या घरी आणलं. ठेवून घेतलं, असं सांगायला किती बरं वाटलं असतं! नाही ठेवलं. माझ्या दोन खोल्या, नवरा, सासू, दोन मुली. एकोणीस दिवस तो आमच्याकडे होता. दिवसभर दाराशी उभा राहायचा. ताईला आणायला जायचं, एवढंच म्हणायचा. एकदा सासूबाई त्याला अडवायला गेल्या, त्याने त्यांना बाजूला ढकललं. मारायला नाही हो, नुसतं बाजूला केलं. पण त्या पडल्या आणि मनगट मोडलं. संध्याकाळी नवरा म्हणाला, "आता बास." तोफ म्हणे! मॅनेजरवर सुटलेली ती तोफ त्या दिवशी तोंड मिटून कोपऱ्यात बसली.

तो आता सरकारी संस्थेत आहे. बसने तीन तास लागतात. एका हॉलमध्ये चाळीस खाटा, खिडक्यांना जाळ्या, डोक्यावरचे केस सरसकट काढलेले. मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. वाईट माणसं नाहीत ती. पण चाळीसजणांत दोन नर्सा, त्या कुणाकुणाची बटणं लावणार? त्याला बटणं नसलेला सदरा देतात. मी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जाते.

इकडे सगळे मला समजावतात. मॅनेजर म्हणतो, बाई, तुमचा काय दोष? बॉयलरवाला म्हणतो, नियमच तसला, त्याला तू काय करणार? नवरा म्हणतो, तू तिच्यासाठी जितकं केलंस तितकं सख्खी बहीण करणार नाही. मरेपर्यंत इंजिनसुद्धा मला एक शब्द बोलली नाही. या सगळ्यांच्या चांगुलपणाने मला गुदमरायला होतं.

गेल्या रविवारी गेले तर तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी हाक मारली, शेजारी बसले, बिस्किटांचा पुडा उघडून त्याच्या हातात दिला. त्याने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग पुडा माझ्या अंगावर फेकला, आणि लहानपणापासून रागाने कुणावर हात न उचललेल्या त्या माणसाने मला दोन्ही हातांनी खाटेवरून ढकलून दिलं.

नर्स धावत आली. मला उठवत म्हणाली, "लागलं का हो? मनावर घेऊ नका, त्याला काही कळत नाही."

मी म्हटलं, "कळतं त्याला."

आणि जमिनीवरची बिस्किटं गोळा करायला बसले.